हातावरचा वास: 'मॅकबेथ' पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी

जून-जुलैत कॉलेजं सुरू झाली की शनिवारी संध्याकाळी आमच्या घरी चार-पाच जण जमतात. कुणी एफवायबीएचं, कुणी नोकरी सांभाळून बाहेरून परीक्षा देणारं, एखादा राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमीतून चहा न पिताच आलेला. नाटक एकच, शेक्सपिअरचं 'मॅकबेथ'. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या तोंडी वाक्यही एकच असतं: "सर, हे महत्त्वाकांक्षा आणि अपराधभावाचं नाटक आहे ना?"

आहे. गाइडच्या पहिल्या पानावर तेच छापलेलं असतं. मीही कॉलेजात असताना या एका वाक्यावर पाच पानं लिहिली होती. बाईंनी वही परत दिली तेव्हा समासात लाल शाईत एकच शब्द होता: "कुठे?" कुठल्या अंकात, कुठल्या प्रवेशात, कुठल्या ओळीला या माणसाला हाव सुटली? आणि टोचणी कधी लागली? मला एकही जागा दाखवता आली नाही. पुढे जे सांगतोय ते त्या "कुठे?"चं उत्तर शोधायची रीत आहे. पायऱ्या या क्रमानेच घ्या. तिसरी आणि चौथी घाईत उरकू नका.

आधी हाताशी काय हवं

मूळ इंग्रजी संहिता घ्या, समोरच्या पानावर कठीण शब्दांचे अर्थ दिलेली. शेक्सपिअरच्या शोकांतिकांमध्ये ही सगळ्यात छोटी, त्यामुळे आकाराला घाबरायचं कारण नाही. सोबत मराठी रूप ठेवा. आपल्याकडे हे नाटक फार पूर्वी आलं. 'काळ'कर्ते शिवराम महादेव परांजपे यांनी 1898 मध्ये 'मानाजीराव' लिहिलं आणि 1954 मध्ये आपल्या तात्यासाहेब शिरवाडकरांनी 'राजमुकुट'. नाशकात राहून 'राजमुकुट' न वाचता 'मॅकबेथ'वर बोलणं मला तरी जड जातं. सार्वजनिक वाचनालयात चौकशी करा. 1840 पासूनचं वाचनालय आहे, जुनं पुस्तक शोधायची सुरुवात तिथूनच करावी. पण लक्षात ठेवा, रूपांतर हे रूपांतर असतं. परीक्षेत शिरवाडकरांची ओळ शेक्सपिअरच्या नावावर खपवलेली मी पाहिली आहे.

बाकी एक पेन्सिल आणि एक शंभर पानी वही. बस.

पायरी पहिली: एका बैठकीत, मोठ्यानं

पहिलं वाचन न थांबता करा. दोन-अडीच तासांत होतं. शब्द अडला तर अडू दे, पुढे चला. नाटक कानानं कळतं. चेटकिणींचं बोलणं बडबडगीतासारखं ठेक्यात उड्या मारतं आणि बाकीच्यांचं संथ, लांब ओळींतून चालतं, हा फरक डोळ्यांनी वाचून लक्षात येत नाही. एकट्याला मोठ्यानं वाचायला लाज वाटत असेल तर गच्चीवर जा.

पायरी दुसरी: दचकण्याच्या जागा शोधा

आता पेन्सिल घ्या आणि पहिल्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशाकडे परत या. लढाई जिंकून मॅकबेथ आणि बँको माळरानावरून परततायत. तीन चेटकिणी भेटतात आणि मॅकबेथला तीन नावांनी हाक मारतात: ग्लॅमिसचा सरदार, कॉडॉरचा सरदार आणि पुढे होणारा राजा. ग्लॅमिस तो आहेच. कॉडॉरची सरदारकी राजा डंकननं त्याला देऊन टाकली आहे, फक्त ती बातमी अजून त्याच्यापर्यंत पोचलेली नाही. राहिलं राजेपद.

इथे बँको जे विचारतो त्याखाली ठळक रेघ मारा. इतकं शुभ ऐकून तू दचकलास का, घाबरल्यासारखा का दिसतोस, असं तो मित्राला विचारतो. जरा थांबून बघा. राज्य मिळणार अशी बातमी आहे आणि ऐकणारा दचकतोय. लॉटरी लागल्याचं कळल्यावर माणूस आधी इकडेतिकडे पाहतो ना, कुणी बघत तर नाही, तसं काहीतरी. चेटकिणींनी खुनाचा शब्दही काढलेला नाही. हा शब्द या प्रसंगात पहिल्यांदा येतो तो मॅकबेथच्या स्वतःच्या मनात. थोड्याच वेळात कॉडॉरची बातमी येते आणि तो स्वतःशी बोलू लागतो: डोळ्यांपुढे असं काही चित्र येतंय की केस उभे राहतायत, काळीज बरगड्यांवर धडका मारतंय. केलं काहीच नाही, आणि अंगावर काटा मात्र आला आहे.

या एका जागेनं गाइडमधला "आधी महत्त्वाकांक्षा, मग गुन्हा, मग अपराधभाव" असा क्रमच उलटापालटा होतो. या माणसात हाव आणि टोचणी एका श्वासात जन्माला येतात. माझ्या मते सबंध नाटकाची किल्ली इथे आहे, आणि मला ती सापडायला पाच पानं वाया घालवावी लागली.

ताडून पाहायला बँको आहेच. भविष्य त्यालाही ऐकवलंय: तू नाही, पण तुझे वंशज राजे होतील. त्याचंही मन ढवळलेलं आहे. दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला तो झोपायला घाबरतो आणि झोपेत येणारे वाईट विचार आवरून धर म्हणून देवाची करुणा भाकतो. दोघांच्या कानावर पडलं एकच. एक जण विचार थोपवायला मदत मागतो आणि दुसरा, आधीच पहिल्या अंकाच्या चौथ्या प्रवेशात, ताऱ्यांना विझायला सांगतो, म्हणजे आपल्या मनातलं काळं कुणाला दिसू नये. वहीत दोघांचे दोन रकाने करा.

पायरी तिसरी: जेवणाच्या पंक्तीतून उठलेला माणूस

पहिला अंक, सातवा प्रवेश. आत राजाची मेजवानी चालू आहे आणि यजमान मॅकबेथ पंगत सोडून बाहेर एकटा येऊन उभा आहे. हे स्वगत वकिलासारखं वाचा. वहीच्या पानाला उभी रेघ मारा, एका बाजूला "मारावं" आणि दुसऱ्या बाजूला "मारू नये".

"मारू नये"चा रकाना भराभर भरतो. राजा नातेवाईक आहे. मी त्याचा सरदार आहे. तो माझ्या घरी पाहुणा आहे, मारेकऱ्याला दार बंद करायचं ते मीच करायचं, आणि सुरी माझ्याच हातात? कुंपणानंच शेत खाल्लं तर दाद कुणाकडे मागायची, असं आपल्याकडे म्हणतात, तोच मुद्दा. शिवाय राजा सौम्य आहे, आणि रक्ताचे धडे गिरवणाऱ्यावर ते धडे उलटतात.

"मारावं"च्या रकान्यात त्याला एकच गोष्ट सापडते. तो म्हणतो, माझ्या हेतूला टाच मारायला माझ्याकडे दुसरं काही नाही, आहे ती नुसती उंच उडी मारणारी महत्त्वाकांक्षा, जी खोगिरावर बसायच्या भरात पलीकडे जाऊन पडते. घोड्यावर मांड घ्यायला गेला आणि पलीकडच्या बाजूला तोंडघशी पडला, असं हे चित्र आहे. म्हणजे त्याला सगळं स्वच्छ दिसतंय, पडणार आहोत हेसुद्धा.

शब्दाबद्दल एक सावधगिरी. "मुलगा महत्त्वाकांक्षी आहे" असं आपण लग्नाच्या बैठकीत कौतुकानं सांगतो. शेक्सपिअरच्या काळात त्या इंग्रजी शब्दाला बहुतेक वेळा दूषणाचा वास होता. गंमत म्हणजे लेडी मॅकबेथची तक्रार उलटीच आहे. नवऱ्याचं पत्र वाचून ती म्हणते, तुझ्यात आकांक्षा आहे, पण तिच्या जोडीला जो दुष्टपणा लागतो तो नाही. वहीत एका बाजूला "आकांक्षा", दुसऱ्या बाजूला "हाव" लिहा आणि कुठलं वाक्य कुठे बसतं ते बघा. काही वाक्यं कुठेच नीट बसणार नाहीत. ती वेगळी काढून ठेवा, निबंधाला तीच उपयोगी पडतात.

मग बायको येते. तो म्हणतो, हे प्रकरण आपण इथेच थांबवू. प्रवेश संपेपर्यंत तो तयार झालेला असतो. ती त्याच्या एकाही मुद्द्याला उत्तर देत नाही, हे बघितलंत का? पाहुणा, नातं, निष्ठा, काहीच नाही. ती त्याच्या मर्दपणावर जाते, दिलेल्या शब्दावर जाते, आणि स्वतःच्या अंगावर पिणाऱ्या बाळाबद्दल असं काही बोलते की आमच्या गटात ते वाचल्यावर दरवेळी कुणीतरी पाण्याची बाटली उघडतं. त्यानंतर मॅकबेथ विचारतो: आणि फसलं तर? बस. "करावं का" हा प्रश्न मिटला, आता "जमेल का" एवढाच उरला. माणूस घसरतो तो क्षण बोट ठेवून दाखवायचा असेल तर इथे ठेवा.

पायरी चौथी: हात, पाणी, झोप

दुसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश दोघांनी वाचा, एक नवरा, एक बायको. खून आपल्याला दिसत नाही, तो आत होतो. आपल्याला दिसतात ते बाहेर आलेले हात. वाक्यं तुटकी आहेत, एकेका शब्दाची. तू बोललास ना? कधी? आत्ता. मी उतरत होतो तेव्हा? अंधारात कुजबुजणाऱ्या माणसांना पूर्ण वाक्यं सुचत नाहीत. वाचतानाही ती सलग करू नका, अंतर ठेवा.

मॅकबेथला छळणारी गोष्ट बघा. आत कुणीतरी झोपेत देवाचं नाव घेतलं, आणि त्याला "आमेन" म्हणता आलं नाही, शब्द घशात अडकला. मग आवाज ऐकू आला की मॅकबेथनं झोपेचाच खून केला. कट्यारी तिथेच ठेवायच्या सोडून तो हातात घेऊन आलाय. बायको वैतागून त्या परत नेते. आणि तो एकटा हाताकडे बघत विचारतो की सगळा समुद्र तरी हे रक्त धुऊ शकेल का? त्याचं उत्तर त्यालाच माहीत आहे. उलट हा हातच सगळे समुद्र लाल करून टाकील.

नाशिककराला ही ओळ वेगळी लागते, लागायला हवी. रामकुंडावर एक बुडी मारली की पाप गेलं, या श्रद्धेवर आपलं निम्मं गाव चालतं. सिंहस्थात लाखो लोक त्याच एका बुडीसाठी येतात. पहाटे कधी घाटावर जाऊन उभे राहा. ओंजळीत पाणी घेऊन पुटपुटणाऱ्या लोकांकडे पाहत मॅकबेथचा प्रश्न मनात म्हणून बघा. मी एकदा तसं केलं आणि शेजारच्या गुरुजींनी विचारलं, "संकल्प सांगू का?"

इकडे लेडी मॅकबेथ परत येते, तिचेही हात लाल, आणि म्हणते: थोड्या पाण्यानं हे सगळं निघून जाईल. या वाक्याभोवती चौकोन करा. पुढे त्याचा हिशोब होणार आहे. तिचं आणखी एक वाक्य सहज निसटतं: झोपेत तो माझ्या वडिलांसारखा दिसला नसता तर मीच केलं असतं. जिला पोरं पाषाणहृदयी म्हणून मोकळी होतात, तिच्या पाषाणाला पडलेली ही पहिली चीर.

आता वहीत चार शब्दांची यादी करा: रक्त, पाणी, हात, झोप. सबंध नाटकात ते जिथे जिथे येतात तिथला अंक-प्रवेश लिहीत जा. कंटाळवाणं काम आहे. त्याला पर्याय नाही.

पायरी पाचवी: एकमेकांना ओलांडून गेलेले दोघं

एक आलेख काढा, नवऱ्याची रेघ निळी, बायकोची लाल. सुरुवातीला तो थरथरतोय आणि ती खंबीर. राजा झाल्यावर तो बँकोचा खून करवतो, तेव्हा तिला काही सांगतच नाही. लाडानं म्हणतो, तुला ठाऊक नसलेलंच बरं. एकत्र गुन्हा केलेलं जोडपं इथे वेगळं होतं, आणि तेही प्रेमाच्या शब्दांत. मेजवानीत बँकोचं भूत त्याच्या खुर्चीत येऊन बसतं, फक्त त्याला दिसतं. ती पाहुण्यांसमोर सावरून घेते. सगळे गेल्यावर मात्र ती दमलेली आहे, म्हणते तुला झोप हवी. तो म्हणतो, रक्तात इतका आत आलोय की मागे फिरणं पुढे जाण्याइतकंच जड. त्यानंतर ती थेट पाचव्या अंकात दिसते.

मधल्या काळात, मॅकबेथच्या विरोधात गेलेला सरदार मॅकडफ, त्याची बायको आणि मुलं मॅकबेथच्या हुकमानं मारली जातात. डंकनच्या खुनापूर्वी केवढं स्वगत होतं! इथे आठ-दहा ओळींत निर्णय. रेघ कुठे गेली ते तुम्हीच काढा.

पाचव्या अंकाचा पहिला प्रवेश म्हणजे झोपेत चालणं. जिनं थोडं पाणी पुरेल म्हटलं होतं, ती पाव-पाव तास हात चोळत असते, दासी डॉक्टरला सांगते. आणि ती बोलते गद्यात, पद्याची शिस्त सुटली आहे. आधी डाग दिसतो, मग वास येतो: अरबस्तानातली सगळी अत्तरं आणली तरी हा हात सुगंधी होणार नाही.

गेल्या वर्षी गटात निफाडकडची एक मुलगी होती. आई हंगामात कांदा निवडायला जाते. या ओळीवर आम्ही अत्तरांची चर्चा करत होतो, प्रतीक वगैरे. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सर, डाग धुतला जातो. कांद्याचा वास जात नाही. आई लिंबू चोळते, मीठ चोळते, स्टीलच्या तांब्यावर हात घासते. आम्हाला कुणाला येत नाही तो वास. रात्री झोपताना हात तोंडापाशी आला की तिलाच येतो." मी तिला त्याच शब्दांत लिहून काढायला लावलं. डाग लोकांना दिसतो, वास ज्याचा त्याला येतो, हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.

पायरी सहावी: "गिल्ट" हा शब्द फोडा

इंग्रजीत एका शब्दात भागतं. आपल्याकडे निदान तीन आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत: टोचणी, पश्चात्ताप, प्रायश्चित्त. टोचणी आपोआप लागते, पश्चात्तापात मन फिरावं लागतं, प्रायश्चित्तात काहीतरी सोडावं लागतं.

मॅकबेथला टोचणी भरपूर आहे. पश्चात्ताप? मला दिसत नाही. दार ठोठावणाऱ्याला तो म्हणतो, डंकनला उठव, उठवता आलं तर बरं होईल. पण मुकुट खाली ठेवण्याचा विचार त्याच्या मनात एकदाही येत नाही. पश्चात्ताप कसा असतो हे नाटकानं आधीच दाखवून ठेवलंय. पहिल्या अंकात ज्या बंडखोर कॉडॉरला मारलं, त्यानं मरताना गुन्हा कबूल केला, राजाची क्षमा मागितली, मनापासून पस्तावला, असं राजपुत्र माल्कम सांगतो. त्याची पदवी मॅकबेथला मिळाली, त्याचं ते मरण नाही मिळालं. एका जागी मात्र मी अडखळतो. शेवटी मॅकडफ समोर आल्यावर मॅकबेथ म्हणतो, मागे जा, तुझ्या रक्तानं माझा आत्मा आधीच पुरेसा भरलाय. याला काय म्हणायचं? आमच्यात यावर दरवर्षी भांडण होतं.

इथे कुणीतरी हमखास आनंदीबाईंचं नाव काढतं. गंगापूर रोडनं गेलं की आनंदवल्ली लागतं. राघोबादादा आणि आनंदीबाई तिथे राहत, गावाला नाव त्यांच्यावरूनच पडलं असं मानतात. 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात नारायणरावाचा खून, "धरावे"चं "मारावे", "काका, मला वाचवा", आणि रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबांना सुनावलेलं देहान्त प्रायश्चित्त. तुलना मोहात पाडते. पण "ध"चा "मा" ही आख्यायिका आहे, पुरावा म्हणून लिहू नका. आणि फरक बघा: आपल्या गोष्टीत तोंडावर निकाल सुनावणारा रामशास्त्री आहे. मॅकबेथच्या दरबारात तसा कोणीच नाही. जे बोलायचं ते त्याला स्वतःशीच बोलावं लागतं, म्हणून तर इतकी स्वगतं.

पायरी सातवी: इतिहास, थोडक्यात

नाटक 1606 च्या आसपासचं, छापलं गेलं 1623 मध्ये, शेक्सपिअरच्या मृत्यूनंतर. 1603 मध्ये स्कॉटलंडचा राजा जेम्स इंग्लंडच्याही गादीवर आला. 1605 च्या नोव्हेंबरात त्याला संसदेसकट दारूगोळ्यानं उडवायचा कट फसला. राजहत्या हा विषय ताजा होता. जेम्सचं घराणं स्वतःला बँकोचे वंशज म्हणवायचं. शेक्सपिअरनं ज्या बखरीतून गोष्ट घेतली तिच्यात बँको कटात सामील आहे, नाटकात तो स्वच्छ झाला, यामागे हे एक कारण असावं. खरा मॅकबेथ 1040 ते 1057 असा सतरा वर्षं राजा होता. त्याच्यावर एक परिच्छेद पुरे.

पायरी आठवी: लिहिताना

"महत्त्वाकांक्षेमुळे मॅकबेथचा सर्वनाश झाला" हे वाक्य लिहिलंत तर समासात स्वतःच "कुठे?" लिहा. त्याऐवजी असं लिहून बघा: "पहिल्या अंकाच्या सातव्या प्रवेशात मॅकबेथ खुनाविरुद्धची सगळी कारणं स्वतःच मांडतो, पण बायकोशी बोलल्यावर तो 'करावं का' हे सोडून 'फसलं तर' एवढंच विचारतो." या वाक्याशी परीक्षक भांडू शकतो. पहिल्याशी भांडण्यासारखं काही नाही, म्हणून त्याला गुणही बेताचेच.

एका उत्तरात तीन-चार जागा पुरतात. सगळं नाटक ओतू नका. प्रत्येक जागेला कोण बोलतोय, कुणासमोर, आणि आधी काय घडलंय, एवढं सांगा. मराठीतून विचार करून इंग्रजीत लिहीत असाल तर टोचणी आणि पश्चात्ताप हा फरक इंग्रजीतही दोन वेगळ्या शब्दांनी टिकवा.

शेवटच्या शनिवारी आम्ही झोपेत चालण्याचा प्रवेश वाचतो. तिघं लागतात: डॉक्टर, दासी आणि ती. ट्यूबलाइट बंद करायची, एक मेणबत्ती ठेवायची. डॉक्टर विचारतो, हिला हा दिवा कुठून मिळाला? दासी सांगते, उशाशीच असतो, रात्रभर, त्यांचाच हुकूम आहे. हे वाचून झालं की मी पोरांना पहिल्या अंकाचा पाचवा प्रवेश उघडायला सांगतो, जिथे हीच बाई दाट काळोखाला हाक मारते, आपल्या सुरीला आपण केलेली जखमही दिसू नये म्हणून. मग कुणीतरी उठून ट्यूबलाइट लावतं.